चिखलाची साय

लाइनमनची नोकरी संपली त्या उन्हाळ्यात
मी नागपूरहून चकरीची काठी आणली
आणि शिशाचा गोळा, आवळ्याएवढा.
कन्हारटोल्याच्या पाळीवरून भिरकावला. डुबुक्.
दिवसभर काही नाही.
संध्याकाळी ओढायला गेलो तर दोर ताठ,
खाली कुणी खुंटीला बांधून ठेवल्यासारखा.

बिसन चाचेरे तुडुमाजवळ बसला होता,
डोळ्यांत मोतीबिंदूचं दही.
"शिसं आन इकडं."
अंगठ्यानं चोळलं, हुंगलं, जिभेला लावलं, थुंकला.
"कन्हार. वरून हातभर मऊ.
तुही कनीक गाडल्या गेली ना बा.
मेलेल्याले जेवन वाढून रायला तू."

लोक म्हणतात मिरगल चिखल खातो.
बिसन म्हणतो, खात नाही, पाखडतो.
तोंडात घेतो, फुंकतो, कण ठेवतो,
लाखोरी पाखडणाऱ्या बाईसारखा,
आणि तेही वरवर, सायीवरून.
त्याला विहीर खणायला लावू नको.

मग माझा गोळा पाळीच्या दगडावर ठोकून
त्यानं बताशासारखा चपटा करायला लावला.
गळाचा दोर वीतभर होता, हातभर केला.
नाल्याच्या तोंडाशी मुरूम आहे,
तिथं जड शिसं चालतं, शिदोडही चालतो.
इथं नाही.
इथं कोंडा, जवसाची ढेप, रात्रभर भिजलेली मोहफुलं,
आणि गोळीच्या पोटात धानाची एक लाही.
एकच. दोन घातल्या की गोळी पाण्यावर नाचते,
पोरं हसतात.

घरी मी गंजात पाणी घेऊन गोळ्या सोडून पाहिल्या.
देवांगना म्हणाली, भाताचा गंज आहे तो.
पाचवी गोळी बुडाली,
पण बसल्या जागी पेंगणाऱ्याची मान कलावी
तशी, सावकाश,
आणि बुडाशी टेकून राहिली, रुतल्याशिवाय.
मी तिला बोलावलं दाखवायला.
ती आली नाही. वरण उतू जात होतं.

आता आम्ही दोघं बसतो.
मी त्याच्या गळाला गाठ मारतो,
तो थुंकी लावून आवळायला सांगतो.
तळ त्याचा, पाणी माझं:
"बुडबुडे हायेत का?"
आहेत.
"एकच मोठा, का बारीक?"
बारीक. भाताला आधण आल्यासारखे.
"चालतात का?"
मोठा आणि एका जागी असला
तर तो चिखलाचा ढेकर. त्याच्यासाठी उठू नये.

त्या दिवशी चालत होते.
मोरपिसाचा दांडा उभा, मी त्याच्यावर डोळा लावून,
बुडेल आता, बुडेल.
बुडाला नाही.
वर आला, कलला, पाण्यावर आडवा झोपला.
दोर सैल.
मी म्हटलं, गेला वाटतं.
बिसननं तेवढ्यात माझा दोर दोन बोटांत धरलेला.
"गेला कुठं? उचललं ना त्यानं शिसं! मार!"

बत्तीस वर्षं खांबावर हेच शिकलो होतो:
तार सैल पडली म्हणजे लाइन तुटली.
इथं तार सैल होती
आणि लाइन चालू होती.
हात वर जाईस्तोवर मिरगलनं गोळी फुंकून टाकली.
गळ आला रिकामा, स्वच्छ,
टोकाला लाहीचं साल.

साकोलीला डोळ्यांचं शिबिर आहे येत्या सोमवारी.
नाव लिहून आलोय त्याचं, त्याला न विचारता.
आज सांगितलं.
तो काही बोलला नाही,
ढेपीचा गोळा तळहातावर फिरवत राहिला.
"मंग तू काय करशीन?" म्हणाला शेवटी.

मी पाण्याकडे पाहिलं.
बारीक आहेत, म्हटलं.
"चालतात का?"
चालतात.
"कोनीकडं?"